दाणा आला, आता तपासायचा कसा?

सकाळी साडेनऊला टेम्पो येतो, प्लास्टिकच्या दाण्याच्या पंचवीस किलोच्या चाळीस गोण्या उतरतात आणि दहाच मिनिटांत स्टोअरमधला मुलगा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहतो. “मॅडम, माल मशीनला लावू का?” त्याच्या हातात पुरवठादाराचं टेस्ट सर्टिफिकेट असतं, त्यावर चार आकडे असतात, आणि खाली शॉपफ्लोअरवर मशीन माल नाही म्हणून थांबलेलं असतं.

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतल्या मोल्डिंगच्या कारखान्यांत हे रोज घडतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन नुकताच प्रयोगशाळेत रुजू झालेला मुलगा किंवा मुलगी अशा वेळी गांगरते. कॉलेजात पॉलिमर म्हणजे काय ते शिकवलेलं असतं, पण गोणीतला दाणा कसा तपासायचा ते कुणी दाखवलेलं नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. धागा म्हणून मी पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं पीपी घेतलं आहे. बादली, खुर्ची, क्रेट, गाडीचा बंपर, सगळीकडे ते आहे, आणि त्यात भेसळही भरपूर होते. गरज पडेल तिथे नायलॉन आणि पॉलिथिलीनकडेही वळू.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. प्लास्टिकच्या तपासणीत आकडा म्हणजे अर्धीच माहिती असते. नमुना कुठून घेतला, तो किती ओला होता, कोणत्या तापमानाला किती वेळ ठेवला, ही उरलेली अर्धी. ती लिहिलेली नसेल तर आकड्यावरून कुणाचाही माल परत पाठवू नका.

नमुना काढणं

सगळ्यात वरच्या गोणीतला मूठभर दाणा उचलून आणणं ही सर्वांत मोठी चूक. ज्याला माल खपवायचा आहे त्यालाही ठाऊक असतं की वरचीच गोणी उघडली जाते. एक टनाच्या लॉटमधून निदान सहा गोण्या निवडा, त्याही ढिगाच्या वेगवेगळ्या थरांतल्या. धान्याच्या आडतीत पोत्यात खुपसून नमुना काढायची जी पोकळ, टोकदार नळी असते, तशीच स्टीलची नळी वापरा आणि प्रत्येक गोणीच्या वरून, मधून, तळातून दाणा घ्या. तो सगळा स्वच्छ ट्रेमध्ये मिसळा, ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला सारा. एक किलो उरेपर्यंत हे करत राहा.

याच वेळी ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर दोन मुठी दाणे पसरून नीट बघा. एकाच आकाराचे, एकाच छटेचे आहेत का? काही पिवळट, काही काळे ठिपके असलेले, काही चपटे आणि काही गोल असे असतील, तर दोन ठिकाणचा माल एकत्र आला आहे. ओंजळीत घेऊन वास घ्या. नव्या पीपीला जवळजवळ वास नसतो. धुरकट, साबणासारखा किंवा खवट वास आला तर पुन्हा वितळवलेला माल असण्याची दाट शक्यता. या दोन मिनिटांनी मला अनेकदा पुढचा अर्धा दिवस वाचवून दिला आहे.

पाणी आणि आच

पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घाला, म्हणजे दाण्याला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत, आणि दहा-वीस दाणे टाका. साधं पीपी तरंगतं, पॉलिथिलीनही तरंगतं. पॉलिस्टायरीन, एबीएस, नायलॉन, पीईटी, पीव्हीसी बुडतात. आता पीपी म्हणून आलेला दाणा बुडाला तर? त्यात टाल्क (शंखजिऱ्याची पूड), चुना किंवा काच आहे, नाहीतर तो पीपीच नाही. वीस टक्के टाल्क असलेल्या पीपीची घनता १.०४ च्या आसपास जाते, म्हणजे ते तळाशी बसणारच.

आचेची परीक्षा फक्त धूर ओढणाऱ्या कपाटातच करायची. धुरावर नाक धरायचं नाही, हाताने किंचित वारा घालून वास घ्यायचा. पीपी आणि पॉलिथिलीन मेणबत्तीसारखे जळतात, ज्योत खाली निळी आणि वर पिवळी, थेंब गळतात. नायलॉनला केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टायरीनच्या ज्योतीतून काजळीचे धागे उडतात आणि झेंडूच्या फुलांसारखा वास येतो. पीव्हीसीचा संशय असेल तर तांब्याची तार लालभडक तापवून दाण्याला लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. टेफ्लॉन मात्र कधीही जाळून बघू नका, त्याचे वायू जिवावर बेततात.

एमएफआय: इथे घाई चालत नाही

मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक ठरलेल्या वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतं त्याचा आकडा. यंत्र दिसायला साधं: एक उभी तापलेली नळी, आतला व्यास ९.५५ मिलिमीटर. तळाशी डाय, तिचं भोक २.०९५ मिलिमीटर आणि उंची ८ मिलिमीटर. वरून पिस्टन आणि त्यावर वजन. पीपीसाठी २३० अंश सेल्सिअस आणि २.१६ किलो. पॉलिथिलीनसाठी वजन बहुधा तेच, पण तापमान १९० अंश. एबीएसला साधारणपणे २२० अंश आणि १० किलो, पॉलिकार्बोनेटला ३०० अंश आणि १.२ किलो. ‘एमएफआय ११’ एवढंच लिहिलेला अहवाल म्हणूनच अपुरा असतो.

१. डाय आणि पिस्टन आत ठेवून यंत्र ठरलेल्या तापमानाला येऊ द्या. आकडा दिसायला लागल्यावरही पंधरा मिनिटं थांबा, कारण डाय आणि पिस्टन मागून तापतात.

२. चार ते पाच ग्रॅम दाणा तीन-चार हप्त्यांत टाका आणि प्रत्येक हप्त्यानंतर दांड्याने दाबा. हवा अडकली तर डायमधून बाहेर येणाऱ्या धाग्यात फुगे येतात. भरणं मिनिटभरात आटपायला हवं.

३. पिस्टन ठेवा आणि घड्याळ लावा. वजन ठेवण्याआधी माल तापू द्यायचा: आयएसओ ११३३ या मानकानुसार पाच मिनिटं, एएसटीएम डी १२३८ या मानकानुसार सात. कोणती पद्धत वापरली ते वहीत लिहा.

४. वजन ठेवा. पिस्टनवर दोन खुणा असतात. खालची खूण नळीच्या तोंडाशी येईपर्यंत वाहिलेला माल टाकून द्या. दोन खुणांच्या मधल्या टप्प्यातच ठरलेल्या अंतराने धागा कापायचा. साधारण १० ते २५ एमएफआयच्या पीपीला तीस सेकंद ठीक पडतात.

५. फुगा असलेला तुकडा बाद. बाकीचे गार झाल्यावर मिलिग्रॅमपर्यंत तोला. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या तुकड्यातला फरक सरासरीच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती फेरीच बाद करा, नव्याने भरा.

६. हिशेब सोपा आहे. तीस सेकंदांच्या तुकड्यांची सरासरी ०.५५८ ग्रॅम आली, तर दहा मिनिटांत वीस पट, म्हणजे ११.१६.

७. यंत्र गरम असतानाच साफ करा. दांड्याला सुती कापडाची चकती लावून नळी पुसा, आतून आरशासारखी चकाकेपर्यंत. डाय काढून तिचं भोक स्वच्छ करा आणि उजेडाकडे धरून त्यातून बघा.

ही सातवी पायरी मला फार महागात पडून कळली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सलग तीन आठवडे माझ्याकडे एमएफआय कमी येत होता. एका पुरवठादाराचे दोन लॉट मी परत पाठवले. मग एका संध्याकाळी डाय काढून तिच्यातून ट्यूबलाइट बघितली, तर भोकाच्या कडेला तपकिरी कडं दिसलं. त्याआधी काच भरलेला माल चालवला होता, त्याची जळकी पुटं आत साचली होती. साध्या द्रवाचा भोकातून होणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या दोन टक्क्यांनी घटली की प्रवाह आठ टक्क्यांनी घटतो, आणि वितळलेल्या पॉलिमरमध्ये त्याहून जास्तच. डाय साफ केल्यावर त्याच दाण्याचा आकडा बरोबर आला. त्या माणसाचा माल चांगला होता. मी फोन केला, चूक सांगितली, माफी मागितली. तेव्हापासून दर सोमवारी एमएफआय माहीत असलेला प्रमाणित दाणा चालवल्याशिवाय मी आठवड्याचं काम सुरू करत नाही, आणि डायच्या भोकात गो आणि नो-गो गेज (एक शिरायलाच हवा, दुसरा शिरता कामा नये अशा मापाच्या सळ्या) घालून बघते.

आकडा मिळाला, पण तो काय सांगतो? पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या जितक्या लांब, तितका प्रवाह कमी. पीपी पुन्हापुन्हा तापवलं, दळलं, वितळवलं की साखळ्या तुटतात आणि एमएफआय वाढतो. पॉलिथिलीनमध्ये साखळ्या उलट एकमेकींना जोडल्याही जातात, तिथे एमएफआय घटू शकतो. म्हणून दाण्याबरोबरच तयार वस्तूचाही एमएफआय काढायची सवय लावा. खुर्चीच्या पायाचे बारीक तुकडे करून चालवा. माझा ठोकताळा असा: वस्तूचा आकडा दाण्यापेक्षा एक तृतीयांशाहून जास्त वाढला असेल, तर दाण्याला दोष देण्याआधी मोल्डिंग मशीनच्या बॅरलचं तापमान आणि माल आत किती वेळ थांबतो ते तपासा.

एवढ्यावर निर्धास्त मात्र होऊ नका. ३ एमएफआयचा आणि ३० एमएफआयचा दाणा योग्य प्रमाणात मिसळला तर ११ आणता येतो. कडक, जुन्या मालात साखळ्या तोडणारं पेरॉक्साइड घालूनही आणता येतो. आकडा बरोबर आणि खुर्ची बसताच मोडते, असं होतं ते यामुळेच.

आणि एक धोक्याची सूचना: ॲसिटल आणि पीव्हीसी एकाच नळीत पाठोपाठ कधीही चालवू नका. दोन्ही एकमेकांचं विघटन भडकवतात आणि गरम माल उसळून अंगावर येऊ शकतो.

घनता आणि राख

घनतेसाठी दाण्याऐवजी मोल्ड केलेल्या पट्टीचा गुळगुळीत तुकडा घ्या. दाण्यात पोकळी असू शकते. तराजूवर घनतेचा संच बसवून तुकडा आधी हवेत, मग द्रवात तोला. पीपी पाण्यात बुडत नाही, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते, त्याची घनता ०.७८५ च्या आसपास. हवेत २.४१५ ग्रॅम, द्रवात ०.३२० ग्रॅम. फरक २.०९५. हवेतल्या वजनाला या फरकाने भागून ०.७८५ ने गुणलं की ०.९०५. साध्या पीपीची घनता ०.९० ते ०.९१, म्हणजे यात भरणा, म्हणजे टाल्क-चुन्यासारखी मिसळलेली पूड, नाही.

भरणा असेल तर राख काढा. क्रुसिबल आधी भट्टीत तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून तोला. तीन ग्रॅम नमुना घ्या आणि आधी बर्नरवर हळूहळू जाळा. थेट भट्टीत टाकला तर ज्योत उसळते आणि राख उडून जाते. मग भट्टी. पण किती अंश? अनेक जण इथेच फसतात. टाल्क आणि काच ६०० अंशांना टिकतात. चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ८५०-९०० अंशांना कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि त्याचं ४४ टक्के वजन उडून जातं. वीस टक्के चुना घातलेल्या दाण्याची राख तिथे अकरा टक्क्यांच्या आसपास भरते, आणि तुम्ही ‘भरणा कमी आहे’ म्हणून शेरा मारता. मी ६०० अंशांना काढते, गार झाल्यावर तोलते आणि शेवटी त्या राखेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकते. फसफसलं तर चुना. गप्प राहिलं तर टाल्क किंवा काच. काचेचे तंतू भिंगाखाली लख्ख दिसतात. टाल्कचा दर देऊन चुना घेतला जातो आहे का, हे या एका थेंबाने कळतं.

पाइपवाल्यांसाठी एवढंच सांगते, की जळगावच्या बाजूला ठिबकच्या नळ्या आणि पाण्याचे काळे पाइप बनवणाऱ्यांना कार्बन ब्लॅकही मोजावा लागतो. नायट्रोजनच्या प्रवाहात पॉलिमर उडवायचा, कार्बन मागे राहतो, मग हवा सोडून तोही जाळायचा. वजनातला फरक म्हणजे कार्बन ब्लॅक. उन्हापासून रक्षण व्हायचं तर तो दोन-अडीच टक्क्यांच्या घरात हवा, आणि नीट पसरलेला हवा.

पट्ट्या ओढणं आणि फोडणं

ताणाच्या परीक्षेला आयएसओ ५२७ ची डंबेलच्या आकाराची पट्टी लागते: लांबी १७० मिलिमीटर, मधला भाग १० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड. निदान पाच पट्ट्या. प्रत्येकीची जाडी आणि रुंदी तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा, छापील माप गृहीत धरू नका. पट्टी जबड्यात सरळ, अगदी उभ्या रेषेत धरा. पीपीला मिनिटाला ५० मिलिमीटर वेग नेहमीचा. पट्टी जबड्यापाशी तुटली तर तो निकाल बाद. होमोपॉलिमर (फक्त प्रॉपिलीनपासून बनलेल्या) पीपीचा ताण साधारण ३० ते ३५ मेगापास्कलच्या घरात येतो. वीसच्या खाली आला तर काहीतरी मोठं बिघडलेलं आहे.

पट्ट्या मोल्डमधून काढल्या काढल्या ओढू नका. पीपीमध्ये स्फटिक बनण्याचं काम पुढेही चालू असतं. २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला चाळीस तास ठेवा. पीपीमध्ये या थांबण्याने थोडा फरक पडतो, नायलॉनमध्ये प्रचंड. एकदा आमच्या नायलॉन ६ च्या पट्ट्या मला ७८ मेगापास्कल देत होत्या आणि ग्राहकाच्या प्रयोगशाळेला ४६. दोन आठवडे पत्रापत्री झाली. शेवटी त्यांच्याकडच्या ताईंनी विचारलं, “तुम्ही पट्ट्या कोरड्या ओढल्या का?” ओढल्या होत्या, मोल्डमधून थेट सीलबंद पिशवीत ठेवून. त्यांनी ओलावा मुरू दिला होता. हवेतल्या आर्द्रतेत नायलॉन ६ अडीच-तीन टक्के पाणी पितं आणि मऊ होतं. दोन्ही आकडे खरे होते. मी अहवालात ‘कोरडी’ हा शब्द लिहिला नव्हता, एवढंच.

खाच पाडलेली पट्टी झुलत्या हातोड्याने फोडतात, त्या आयझॉडच्या आघात परीक्षेत सगळं काही खाचेवर अवलंबून असतं. खाच ४५ अंशांची आणि तिच्या तळाची त्रिज्या ०.२५ मिलिमीटर. खाच पाडणारं पातं बोथट झालं की ही त्रिज्या वाढते आणि माल आहे त्यापेक्षा चिवट दिसतो. आकडा चांगला आला म्हणून आपण खूश, आणि खरं कारण बोथट पातं! पातं रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघा. खाच सावकाश पाडा, घाई केली तर पीपी घर्षणाने वितळतं. आणि परीक्षा फक्त खोलीच्या तापमानाला करून थांबू नका. पीपीचं काचेसारखं कडक होण्याचं तापमान शून्य अंशांच्या आसपास आहे. नाशिकच्या द्राक्षांचे क्रेट शीतगृहात जातात, आणि भोसरीच्या उन्हाळ्यात न फुटणारा होमोपॉलिमरचा क्रेट तिथे आपटला की तडकतो. अशा वस्तूच्या पट्ट्या शून्य अंशांच्या खाली गार करून फोडा, आणि क्रेटसाठी कोपॉलिमरच (इथिलीनचा भाग असलेलं पीपी) मागा.

संशय उरला तर: एफटीआयआर आणि डीएससी

ही दोन्ही यंत्रं लहान कारखान्यात सहसा नसतात. छत्रपती संभाजीनगरला सिपेट या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे, पुण्या-मुंबईत एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत. नमुना पाठवताना ‘तपासून द्या’ असं मोघम लिहू नका. चांगली वस्तू आणि फुटलेली वस्तू दोन्ही पाठवा आणि प्रश्न स्पष्ट विचारा: दोन्हींत फरक काय आहे?

एफटीआयआरमध्ये अवरक्त किरणांनी पॉलिमरचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो. हिऱ्याच्या खिडकीवर नमुना ठेवण्याआधी ती अल्कोहोलने पुसा आणि नवा बॅकग्राउंड घ्या. नाहीतर तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड २३५० च्या आसपास (हे आकडे तरंगसंख्येचे, प्रति सेंटीमीटर) शिखर काढून बसतो. पीपीला १३७६ जवळ ठळक शिखर असतं, पॉलिथिलीनला ७२० आणि ७३० ची जोडी, नायलॉनला १६४० आणि १५४० ची, एबीएसला २२३७ चं बारीकसं. तुटलेल्या जागेवर १७१५ च्या आसपास नवं शिखर आलं असेल, तर प्लास्टिकचं ऑक्सिडेशन झालं आहे, ते उन्हाने किंवा उष्णतेने म्हातारं झालं आहे. पृष्ठभाग आणि आतला गाभा दोन्ही तपासा, उत्तर बहुतेक वेळा त्या फरकात सापडतं.

नायलॉन ६ आणि नायलॉन ६६ मात्र एफटीआयआरला जवळजवळ सारखेच दिसतात. तिथे डीएससी, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणारं यंत्र. पाच ते दहा मिलिग्रॅमचा सपाट तुकडा, मिनिटाला दहा अंश, नायट्रोजनमध्ये. नायलॉन ६ सुमारे २२० अंशांना वितळतं, ६६ सुमारे २६० ला. यंत्र आधी इंडियमने तपासून घ्या, ते १५६.६ अंशांना वितळायलाच हवं. नमुना एकदा तापवा, गार करा, पुन्हा तापवा. पहिल्या तापवण्यात मोल्डिंगचा इतिहास दिसतो, दुसऱ्यात खुद्द पदार्थाचा स्वभाव.

पीपीचं शिखर १६० ते १६५ ला येतं. त्याबरोबर १२५ ते १३० ला दुसरं ठसठशीत शिखर दिसलं तर एचडीपीई मिसळलं आहे. इथे एक सांभाळा: आघात सोसणाऱ्या कोपॉलिमर पीपीत इथिलीनचा भाग मुळातच असतो, त्याचं लहानसं शिखर ११५ ते १२० च्या आसपास दिसू शकतं. तेवढ्यावरून भेसळीचा आरोप करू नका. त्याच ग्रेडच्या खात्रीच्या दाण्याचा आलेख शेजारी ठेवा आणि मग बोला.

वहीत काय लिहायचं

लॉट नंबर, कोणत्या गोण्यांतून नमुना घेतला, पद्धतीचं नाव आणि अट, किती तास कुठल्या तापमानाला ठेवला, प्रत्येक वाचन, मग सरासरी. बाद केलेली वाचनंही खोडू नका, शेजारी कारण लिहा. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटची प्रत चिकटवा आणि तुमचा आकडा त्यासमोर मांडा. सहा महिन्यांत त्या रकान्यांतून प्रत्येक पुरवठादाराचा कल दिसायला लागतो, आणि मग एखादा लॉट चाकोरीबाहेर गेला की यंत्र लावायच्या आधीच शंका येते.

आणि त्या लॉटमधला पाव किलो दाणा बरणीत भरून, लेबल लावून, उन्हापासून दूर कपाटात ठेवा, निदान वर्षभर. तक्रार दाणा संपल्यावर येते. तेव्हा हातात असलेली ती बरणी आणि फुटलेला क्रेट, दोन्ही एकाच दिवशी, एकाच डायमधून चालवून बघता येतात.